मुंग्यांनाही कारण असतं

रिचर्ड निक्सन टेबलामागे बसले आहेत. हातात कागद, चेहऱ्यावर ताण. खालच्या आवाजात ते अमेरिकेला सांगताहेत, की चंद्रावर उतरलेले नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन आता परत येणार नाहीत. आवाज त्यांचाच, ओठ शब्दांबरहुकूम हलणारे, चित्राला जुन्या टीव्हीचा मऊपणा. असं भाषण निक्सन यांनी आयुष्यात कधी केलं नाही.

मजकूर मात्र अस्सल आहे. ‘अपोलो ११’ चंद्राच्या वाटेवर असताना, १८ जुलै १९६९ रोजी, राष्ट्राध्यक्षांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनी तो लिहून ठेवला होता. दोघे चंद्रावरच अडकले तर देशाला काय सांगायचं, याची ती तयारी होती. सुदैवाने तो कागद वापरण्याची वेळ आली नाही. पन्नास वर्षांनी, २०१९ साली, एमआयटीतल्या फ्रान्सेस्का पॅनेटा आणि हॅल्सी बर्गंड यांनी तो बाहेर काढला, एका नटाकडून वाचून घेतला, त्याच्या आवाजाचा यंत्राच्या मदतीने निक्सन यांचा आवाज केला आणि १९७४ साली राजीनामा देताना टीव्हीवर बोलणाऱ्या निक्सन यांच्या तोंडी बसवला. म्हणजे चेहऱ्यावरचा ताण खरा आहे, फक्त तो वेगळ्याच प्रसंगाचा आहे. आपण हे बनवलंय, हे कर्त्यांनी लपवलं नाही. बनवाबनवी किती सोपी झाली आहे हे दाखवण्यासाठीच त्यांनी हा खटाटोप केला, आणि त्याला पुढे एमी पुरस्कारही मिळाला.

ही क्लिप खोटी आहे हे आपण लगेच ओळखतो, पण डोळ्यांनी ओळखत नाही. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन सुखरूप परतले हे आपण शाळेत शिकलेलो असतो, म्हणून ओळखतो. ज्या गोष्टीचा शेवट आपल्याला माहीत नाही, तिथे हा आधार तुटतो. १९७८ सालच्या एखाद्या परिसंवादात अमक्या साहित्यिकाने तमक्याचा पाणउतारा केला, निवडणुकीच्या आधी एखाद्या मुख्यमंत्र्याने दूरदर्शनवर भलतंच आश्वासन दिलं, अशी क्लिप समोर आली तर शाळेतलं सामान्यज्ञान उपयोगी पडत नाही. मग आपण चित्र निरखू लागतो. धूसर आहे, कडा हलताहेत, मधूनच पट्टा येतो, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या आहेत. जुनंच असणार, असं म्हणतो आणि पुढे पाठवतो.

फसवणाऱ्याला जुन्या टीव्हीचा पेहराव आवडतो तो उगीच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या व्हिडिओत चुका राहतात त्या बारीक जागी: बोटांत, दातांत, कानातल्या डुलांत, मागच्या पाटीवरच्या अक्षरांत. घरगुती व्हीएचएस टेपवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतकाच तपशील उमटायचा. तेवढ्या चित्रात बोटं पाच की सहा, हे कोण मोजणार? चूक दुरुस्त करायची गरजच उरत नाही, ती धुक्यात झाकली जाते. बनावट ओळखणारी संगणकीय साधनंही स्वच्छ चित्रावर बरी चालतात, खराब आणि पुन्हा पुन्हा दाबून लहान केलेल्या चित्रावर अडखळतात. त्यात भर पडते ती आपल्या मनाच्या मऊपणाची. ताज्या राजकीय व्हिडिओकडे आपण संशयाने बघतो. ‘किती छान दिवस होते ते’ म्हणायला लावणाऱ्या क्लिपकडे आपण पाहुण्यासारखं बघतो, आणि पाहुण्याकडे कोणी ओळखपत्र मागत नाही.

माझं म्हणणं असं आहे. जुन्या चित्रातले दोष हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. पण खऱ्या चित्रातल्या प्रत्येक दोषाला एक कारण असतं. कुठलं तरी यंत्र, कुठली तरी फीत, कुठला तरी हात त्यामागे असतो. बनावट चित्रात दोष ही सजावट असते. म्हणून दोष दिसला की विरघळायचं नाही, त्याला जाब विचारायचा: तू इथे आलास कसा?

मुंग्यांपासूनच सुरुवात करू. पडद्यावर मुंग्या येतात त्या ग्रहणाच्या टोकाला, म्हणजे घरच्या अँटेनाला संदेश क्षीण मिळतो तेव्हा. गच्चीवर एकजण अँटेना फिरवतोय आणि खालून दुसरा ‘आलं, आलं, गेलं’ म्हणून ओरडतोय, हा सगळा सोहळा त्या मुंग्यांसाठी होता. स्टुडिओत ध्वनिचित्रमुद्रित झालेल्या टेपवर या मुंग्या असण्याचं कारण नाही, कारण ती टेप अँटेनातून आलेलीच नसते. तेव्हा ‘दूरदर्शनच्या संग्रहातली दुर्मीळ फीत’ अशी ओळख सांगणाऱ्या क्लिपवर मुंग्या दिसल्या, तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. एक तर ती कुणीतरी घरी टीव्हीवरून मुद्रित केली, किंवा मुंग्या नंतर टाकल्या. घरी मुद्रित केली म्हणायचं तर यंत्र हवं. बीटामॅक्स १९७५ साली बाजारात आलं, व्हीएचएस १९७६ साली, तेही जपानात. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत व्हीसीआर दिसू लागला तो १९८०च्या दशकात, आणि तोही बऱ्याचदा एका रात्रीसाठी भाड्याने आणलेला. म्हणजे १९७४ सालच्या मुंबईतल्या ‘घरगुती’ मुंग्यांना जन्म देणारं यंत्रच दाखवता येणं कठीण.

ओरखड्यांचंही तसंच. फिल्मची पट्टी उभी सरकते, म्हणून तिच्यावरचे ओरखडे उभे असतात, वरून खालपर्यंत थरथरणारे. व्हिडिओ टेपवरची माहिती वेगळ्या रीतीने लिहिलेली असते. तिचं लोहद्रव्य कुठे झडलं तर पडद्यावर क्षणभर आडवी पांढरी रेघ चमकून जाते. फिरत्या ड्रमवरचं हेड बदलतं तिथे चित्राच्या अगदी तळाला फाटल्यासारखी पट्टी राहते. ती त्या काळच्या टीव्हीच्या चौकटीआड झाकली जायची, आज संगणकावर उघडी पडते. लाल रंग टेपवर आडवा ओघळतो, कारण रंगाचा तपशील चित्राच्या तपशिलाहूनही कमी साठवला जायचा. आता ज्या क्लिपमध्ये टेपचा ओघळलेला लाल आहे आणि शिवाय फिल्मचे उभे ओरखडेही आहेत, तिच्या कर्त्याला ‘जुनं’ म्हणजे काय एवढंच ठाऊक होतं, कशाने जुनं हे ठाऊक नव्हतं. तपकिरी छटेचं तर विचारूच नका. ती छपाईच्या कागदावर रसायनाने आणलेली फोटोची छटा आहे. कृष्णधवल टीव्हीचा पडदा निळसर पांढरा दिसायचा, तपकिरी टीव्ही जगात कुणी पाहिला नाही. काळ्या बारीक आडव्या रेषांची जाळीही अशीच. ती काचेच्या पडद्यावर दिसते, टेपमध्ये मुद्रित होत नाही. ती दिसत असेल तर कुणीतरी टीव्हीसमोर कॅमेरा लावून चित्रीकरण केलेलं असलं पाहिजे, आणि मग काचेवर प्रतिबिंब, कडांना वळण, हेही दिसायला हवं.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ‘दूरदर्शनचं जुनं दृश्य’ म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच गोष्टी दूरदर्शनच्या नसतातच. त्या फिल्म्स डिव्हिजनच्या असतात. १९४८ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेची वार्तापत्रं आणि माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी दाखवले जात, आणि ते फिल्मवर घेतलेले असत. त्यांच्यावर उभे ओरखडे असणारच. तिथे चित्र अस्सल असतं, चिठ्ठी चुकीची असते. एकूणच, अख्खं घडवलेलं चित्र हा बनावटीचा सर्वांत नवा प्रकार झाला. त्याहून कितीतरी जुना आणि सोपा प्रकार म्हणजे खऱ्या चित्राला खोटं साल, खोटं गाव, खोटा प्रसंग चिकटवणं. मधल्या पायरीवर रंग भरलेली, सेकंदाला ६० चौकटींपर्यंत गुळगुळीत केलेली चित्रं येतात. त्यात माणसं खरी असतात, पण साडीचा रंग, गालाची कांती, पापणीची हालचाल यांतलं बरंचसं यंत्राने अंदाजाने भरलेलं असतं.

आता एक काल्पनिक क्लिप घेऊ. उद्या तुमच्या व्हॉट्सॲपवर कुटुंबाच्या गटात आली असं समजा: ‘१९७४, मुंबई दूरदर्शन, स्मिता पाटील बातम्या वाचताना.’ चित्रपटांत येण्याच्या सुमारास त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत, हे सर्वज्ञात आहे. म्हणजे क्लिपचा पाया खरा आहे, आणि म्हणूनच ती धोक्याची. चांगली बनावट नेहमी खऱ्या पायावर उभी राहते.

साडी निळी दिसतेय? तर थांबा. भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते ऑगस्ट १९८२मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या आधी. १९७४ सालची बातमी रंगीत असेल तर रंग नंतर भरला आहे किंवा सगळंच नंतर घडवलं आहे. कोपऱ्यात दूरदर्शनचा डोळा फिरतोय, ओळखीची धून वाजतेय? टीव्ही आकाशवाणीपासून वेगळा होऊन ‘दूरदर्शन’ म्हणून स्वतंत्र झाला तो १ एप्रिल १९७६ रोजी, आणि ते बोधचिन्ह व ती धून आपल्या ओळखीची झाली त्यानंतर. बातम्या संपल्यावर साबणाची जाहिरात लागते? आपल्या टीव्हीवर जाहिराती घेणं सुरू झालं १९७६पासून. त्याआधीच्या जाहिराती चित्रपटगृहातल्या. याउलट, कोपऱ्यात ‘सह्याद्री’ असं लिहिलेलं दिसलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका. ते नाव नंतरचं असलं तरी जुना कार्यक्रम पुढे पुन्हा दाखवताना ते चिन्ह त्यावर बसू शकतं. त्या चिन्हावरून कळतं ते एवढंच, की ही प्रत पुनःप्रक्षेपणाची आहे.

मग अक्षरं पाहा. त्या काळी पडद्यावरची शीर्षकं बऱ्याचदा हाताने काढलेली असत. पुठ्ठ्यावर रंगवायची आणि कॅमेऱ्यासमोर धरायची. मराठी अक्षरकार ‘ल’ काढताना त्याला दोन पाकळ्या द्यायचा, ‘श’ला देठ द्यायचा. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ वेगळे. आजच्या संगणकांवर आणि फोनवर सहज उमटणारे देवनागरी फाँट बहुतेक हिंदी वळणाचे आहेत. विंडोजबरोबर आलेला मंगल फाँट तर कित्येकांच्या डोळ्यांत इतका बसला आहे, की तो नवा आहे हेच जाणवत नाही. १९७४च्या पुठ्ठ्यावर मंगलची अक्षरं कशी येतील? आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली असतील तर जोडाक्षरं बघा. ‘राष्ट्रीय’, ‘वृत्त’, ‘प्रक्षेपण’ अशा शब्दांत यंत्राची अजूनही त्रेधा उडते.

डोळे मिटून ऐकण्यासारखंही पुष्कळ असतं. मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार. ‘चहा’तला च वेगळा, ‘चिमणी’तला वेगळा, ‘जग’ आणि ‘जय’ एका तोंडाने म्हणता येत नाहीत. हिंदीवर पोसलेला कृत्रिम आवाज इथे घसरतो, ‘चमचा’ परप्रांतीय होतो, ळ लंगडतो. दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्यांची निवड उच्चारांवर व्हायची, त्यामुळे तिथे ही घसरण खपली नसती. आणखी खाली, आवाजाच्या तळाशी विजेची गुणगुण असते. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा, अमेरिकेत ६०चा. न्यायवैद्यक तपासात या गुणगुणीवरून मुद्रणाची जागा आणि वेळही ताडून पाहतात. मुंबईच्या क्लिपमध्ये अमेरिकी गुणगुण सापडली, तर कुठल्यातरी तयार ‘जुना टीव्ही’ परिणामाची ती उसनवारी. असे तयार परिणाम व्हिडिओवर पसरले, की आणखी एका गोष्टीने पकडले जातात: तोच पांढरा चट्टा, त्याच जागी, ठरावीक सेकंदांनी पुन्हा येतो. खरी टेप इतक्या शिस्तीत झिजत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की यादी मिळाली, आता कुणी फसवणार नाही. नेमकं उलट होणार आहे. ही यादी फसवणाऱ्यालाही मिळते. उद्या तो चित्र कृष्णधवल करील, डोळा काढून टाकील, पाकळीचा ‘ल’ वापरील, ५० आवर्तनांची गुणगुण घालील. आज जी यंत्रं जोडाक्षरात अडखळतात ती वर्षभरात सरावतील. लक्षणांवरून रोग ओळखण्याची ही विद्या उपयोगी आहे, पण तिची मुदत थोडी आहे. मुदत न संपणारा प्रश्न एकच: ही फीत त्या दिवसापासून आजपर्यंत कुणाकुणाच्या हातून आली?

हा प्रश्न विचारण्यामागे एक साधी गोष्ट आहे, जी मोबाइलच्या जमान्यात आपण विसरलो. प्रक्षेपण ही वस्तू नव्हती. ते हवेतून यायचं आणि जायचं. आज प्रत्येक गोष्ट आपोआप साठते, म्हणून आपल्याला वाटतं की तेव्हाचंही कुठेतरी असेलच. तेव्हा एखादा कार्यक्रम उरण्यासाठी कुणाला तरी तो मुद्दाम उरवावा लागायचा. टेप महाग असायची, जागा कमी असायची, कालच्या कार्यक्रमावर आजचा मुद्रित व्हायचा. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही १९६०-७०च्या दशकांतल्या असंख्य टेपा पुसून पुन्हा वापरल्या. थेट वाचलेली बातमी तर मुद्रित करण्याचंच प्रयोजन नसायचं.

भारतीय माणसाच्या जिव्हाळ्याचं उदाहरण द्यायचं तर १८ जून १९८३. टनब्रिज वेल्सच्या मैदानावर झिम्बाब्वेविरुद्ध भारताचे ५ गडी १७ धावांत बाद झाले होते, आणि मग कपिल देवने नाबाद १७५ धावा काढल्या. बीबीसीच्या कर्मचाऱ्यांचा त्या दिवशी संप होता असं आजवर सांगितलं जातं. कारण ते असो की दुसरं, मैदानावर टीव्हीचे कॅमेरे नव्हते. त्या खेळीचं चित्रण नाही. आठच दिवसांत झालेला अंतिम सामना मात्र दूरदर्शनने दाखवला, तो कोट्यवधींच्या स्मरणात आहे, आणि २०२१ साली ‘८३’ चित्रपटाने टनब्रिज वेल्सची ती खेळी नटांकडून पुन्हा उभी केली. उद्या कुणी त्या १७५ धावांचं ‘सापडलेलं’ चित्रण दाखवलं, तर मला त्यातल्या मुंग्या मोजायच्या नाहीत, चेंडूची गती तपासायची नाही. कॅमेराच नव्हता, तर चित्र आलं कुठून, हे आधी सांगावं लागेल. अभाव नीट नोंदलेला असला, की बनावट दारातच अडते.

असाच दुसरा दरवाजा चांद्रमोहिमेचा. आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरताना टीव्हीसमोर बसलेलं मुंबईतलं कुटुंब, असं दृश्य किती मोहक दिसेल! पण जुलै १९६९मध्ये देशात टीव्ही होता तो दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि परदेशी उपग्रहाशी जोडणारं पुणे जिल्ह्यातलं आर्वीचं केंद्र १९७१ साली. ते कुटुंब रेडिओभोवती बसलेलं असेल, तर एक वेळ विचार करता येईल.

खरी सापडलेली गोष्ट कशी सापडते, तेही पाहण्यासारखं आहे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचे पुसले गेलेले नऊ भाग २०१३ साली मिळाल्याचं जाहीर झालं. ते नायजेरियातल्या जोस शहराच्या टीव्ही केंद्रात होते. तिथे का? कारण बीबीसी टेप पुसण्याआधी कार्यक्रमाच्या १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढून परदेशी केंद्रांना विकायची. कुठल्या देशाला कुठले भाग गेले याच्या नोंदी होत्या. त्या नोंदींच्या मागावर जाऊनच त्या फडताळापर्यंत पोचता आलं. ज्या भागांचं चित्र अजून नाही त्यांचा आवाज मात्र आहे, कारण १९६०च्या दशकात घरात व्हिडिओ यंत्र नसलं तरी टेपरेकॉर्डर होता, आणि काही हौशी मुलांनी तो टीव्हीसमोर ठेवला होता. अस्सल अवशेष असे येतात: तुकड्यातुकड्याने, आपल्या काळाला शक्य होतं तेवढेच, आणि मागे कागद ठेवून. आख्खी, सुबक, नेमकी आपल्याला हवी तीच गोष्ट दाखवणारी फीत आकाशातून पडली, तर तिचा सुबकपणाच संशयास्पद मानायला हवा.

अस्सल चित्र बघायला मात्र पुष्कळदा बनावटाहून बनावट वाटतं. २२ नोव्हेंबर १९८७च्या रात्री शिकागोत दोन टीव्ही केंद्रांच्या प्रक्षेपणात कुणीतरी घुसखोरी केली. आधी एका केंद्राच्या बातम्यांत काही क्षण, मग दुसऱ्या केंद्रावर दीड मिनिटाच्या आसपास, ‘मॅक्स हेडरूम’ या काल्पनिक पात्राचा मुखवटा चढवलेला माणूस डोलत, बरळत पडद्यावर आला. मागे हलणारा पत्रा, आवाज चिरका. आजच्या एखाद्या भयपटवेड्याने रिकाम्या दुपारी केलेली करामत, असंच कुणी म्हणेल. पण ती घडली. प्रेक्षकांनी घरच्या व्हीसीआरवर पकडलेलं मुद्रण आहे, दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत बातम्या आहेत, अमेरिकी सरकारच्या दळणवळण आयोगाने केलेली चौकशी आहे. माणूस सापडला नाही, घटना मात्र वादातीत आहे. चित्राच्या रूपावर निकाल दिला असता तर ही खोटी ठरली असती आणि निक्सनची खरी.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जुन्या टीव्हीची नक्कल करणं ही एक कला झाली आहे. काल्पनिक केंद्रं, काल्पनिक बातम्या, मध्यरात्री लागणारी विचित्र सूचना असं रचून भयकथा सांगणारे कलावंत आहेत. त्यांना आपण खोटारडे म्हणायचं का? मुळीच नाही. गडकऱ्यांच्या नाटकात सिंधूचा नवरा दारू पितो म्हणून कुणी पोलिसात जात नाही. कलाकृती आपण कलाकृती आहोत हे जाहीर करते, किंवा निदान विचारलं तर नाकारत नाही. फरक पडतो तो चिठ्ठी गळून पडल्यावर. कुणीतरी ती क्लिप कापतो, कर्त्याचं नाव काढतो, वर साल लिहितो. तिथून पुढे ती स्मरणरंजन राहत नाही, साक्ष होते.

‘पण कुणाचं काय बिघडलं? चार घटका बरं वाटलं,’ असंही म्हणतात. बिघडतं ते असं. एखाद्या मृत व्यक्तीच्या तोंडी न बोललेली चार वाक्यं घातली, की ती हळूहळू उद्धृत होऊ लागतात. मृत माणूस खुलासा करायला येत नाही. हजारजणांनी ‘मला आठवतंय, मी हे लहानपणी पाहिलंय’ असं लिहिलं, की स्मरणच पुरावा म्हणून पुढे येतं. आपली स्मरणशक्ती फसवणाऱ्याची सर्वांत उत्साही मदतनीस असते. तिला धागा मिळाला की ती उरलेलं कापड स्वतः विणते.

दुसऱ्या बाजूचा धोका याहून मोठा आहे. खोटं इतकं सहज होतं, हे कळलेला माणूस सावध होतोच असं नाही. कित्येकदा तो आळशी होतो. ‘सगळंच बनावट’ म्हणून मोकळा होतो. चांद्रमोहिमेचं खरं प्रक्षेपण याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. ते चित्र भुतासारखं, पारदर्शक, झटके खाणारं दिसतं, आणि तिथूनच ‘हे स्टुडिओत केलं’ म्हणणाऱ्यांचं फावतं. त्या प्रत्येक दोषाचं कारण मात्र नोंदलेलं आहे. चंद्रावरून दृश्य पाठवण्याची क्षमता तुटपुंजी होती, म्हणून कॅमेरा सेकंदाला १० चौकटी आणि ३२० रेषा एवढंच पाठवायचा. घरच्या टीव्हीला ते चालणारं नव्हतं. मग पृथ्वीवरच्या केंद्रात ते एका पडद्यावर उमटवून त्या पडद्यासमोर दुसरा टीव्ही कॅमेरा लावला गेला. भुतं तिथे शिरली. दुर्दैव असं, की चंद्रावरून थेट आलेले चांगल्या प्रतीचे संदेश ज्या टेपांवर होते, त्या नासाने पुढे पुसून वापरल्या असाव्यात, असा निष्कर्ष संस्थेच्याच शोधातून निघाला. २००९ साली टीव्ही केंद्रांकडच्या प्रतींवरून चित्र सुधारून घ्यावं लागलं. मानवजातीच्या सर्वांत गाजलेल्या प्रक्षेपणाची ही कथा, तर मुंबई दूरदर्शनच्या ‘गजरा’ आणि ‘आमची माती, आमची माणसं’ यांच्या जुन्या भागांची काय अपेक्षा ठेवायची?

नव्या व्हिडिओवर जन्मापासूनचा दाखला गुप्त सहीसारखा जोडण्याची पद्धत आता येते आहे. कुठल्या कॅमेऱ्याने घेतलं, कुठे बदललं, याची नोंद चित्राबरोबर प्रवास करील. चांगलंच आहे. पण हा दाखला आजच्या बाळांना मिळेल, आजोबांना मिळणार नाही. १९७५ सालच्या टेपवर अशी सही नाही आणि असूही शकत नाही. जसजसा नव्या चित्रांवर दाखला सक्तीचा होईल, तसतसं दाखल्याविना फिरण्याची मुभा फक्त ‘जुन्या’ चित्रांना उरेल, आणि बनावटीला लपायला तीच जागा सर्वांत सोयीची होईल.

म्हणून मला हा प्रश्न शेवटी चाणाक्ष डोळ्यांचा वाटत नाही, कपाटांचा आणि याद्यांचा वाटतो. फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स या एकेकाळच्या ग्रंथपाल बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ, २०१२ साली मृत्यू येईपर्यंत, घरी रात्रंदिवस टीव्हीवरच्या बातम्या मुद्रित केल्या. सुमारे ७० हजार टेपा जमल्या, त्या आता इंटरनेट अर्काइव्हकडे आहेत. लोकांना तो वेडेपणा वाटला. आज अमेरिकी टीव्हीवर अमुक दिवशी काय दाखवलं गेलं हा वाद निघाला, तर त्या वेड्या बाईंच्या टेपा साक्षीला उभ्या राहू शकतात. आपल्याकडेही लग्नाच्या कॅसेटच्या उरलेल्या भागावर कुणीतरी रामायण, कुणीतरी क्रिकेट, कुणीतरी एखादी मुलाखत मुद्रित केलेली असते. ती डिजिटल करताना मधल्या जाहिराती आणि निवेदनं कापू नयेत. तारीख सांगणारे साक्षीदार तेच असतात. चित्र ताणून रुंद करू नये, रंग चढवू नये. कॅसेटवरची बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी, कुणी, कुठल्या गावात मुद्रित केलं, हे सोबत लिहून ठेवावं. आणि जुन्या वर्तमानपत्रांतली दूरदर्शनच्या कार्यक्रमांची छोटी चौकट, जी त्या काळी रोज आपण नुसती चाळली, ती ग्रंथालयांनी जपावी. अमक्या संध्याकाळी तमका कार्यक्रम होता की नव्हता, याचा तो सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

सरकारी बाजूचं काम मोठं आहे. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातलं बरंच काही यूट्यूबवर आणलं आहे, आणि त्याचं स्वागतच आहे. पण वेचक रत्नं दाखवण्याहून महत्त्वाची असते ती कंटाळवाणी संपूर्ण यादी: कुठल्या केंद्राचा, कुठल्या तारखेचा, कुठला कार्यक्रम, कशावर मुद्रित आहे, आणि कुठला पुसला गेला. पुसलेल्याची यादी देताना संस्थांना संकोच वाटतो. तो त्यांनी सोडला पाहिजे, कारण नसलेल्याची अधिकृत नोंद हाच बनावटीवरचा सर्वांत पक्का बंदोबस्त आहे. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’चा कुठला भाग गहाळ आहे हे रसिकांना क्रमांकासकट ठाऊक असतं, त्यामुळे तिथे उगवलेल्या प्रत्येक ‘शोधा’ला त्या यादीपुढे उभं राहावं लागतं. मुंबई केंद्राच्या पहिल्या दहा वर्षांची अशी यादी प्रत्येकाला चाळता येईल अशी खुली झाली, तर स्मिता पाटील यांची ती काल्पनिक क्लिप आली त्याच दिवशी निकालात निघेल. ती खरी निघाली, तर तिचा आनंदही मग निर्धास्तपणे घेता येईल.